इमानाची नोंद शत्रूच्या दप्तरात

भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी बऱ्हाणपूर सोडून पुढे गेली की सातपुड्यापासून जरा सुट्या पडलेल्या एका डोंगरावर असिरगडाची तटबंदी दिसते. आज हा गड मध्य प्रदेशात मोडतो. पण जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या रेषा अलीकडच्या. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि बऱ्हाणपूर हा सारा मुलूख शतकानुशतके एकच खानदेश होता आणि असिरगड ही त्याची कडी होती. दक्षिणेत उतरणाऱ्या फौजेला सातपुड्याची ही वाट धरावीच लागे, आणि वाटेवर हा गड बसलेला.

रावेर-यावलकडच्या कुणालाही असिरगडाबद्दल विचारा, तो अश्वत्थाम्याची गोष्ट सांगेल. गडावरच्या महादेवाला रोज पहाटे कुणीतरी ताजं फूल वाहून जातं, कपाळावरची जखम भळभळते म्हणून तेल-हळद मागत तो रानात हिंडतो. ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक आहे आणि तिचा गोडवाही मी नाकारत नाही. तरी झोपलेल्या पोरांच्या माना कापणारा अश्वत्थामा या गडावर पिढ्यान् पिढ्या आठवला जावा आणि याच गडावर आपल्या धन्यासाठी प्राण देणारा हाडामांसाचा म्हातारा कुणालाच ठाऊक नसावा, याचं मला वाईट वाटतं. त्याचं नाव मलिक याकूत. तो हबशी होता, म्हणजे आफ्रिकेतून इथे आलेल्यांपैकी. तो गेला तेव्हा त्याच्या बाजूने लिहिणारं कुणी उरलं नव्हतं. जे काही उरलं ते त्याला वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत लिहिलं गेलं.

या गडाची सुरुवातच विश्वासघाताने झाली, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. असा अहीर नावाचा गवळीराजा इथे होता. ज्या अहिरांच्या नावाने आपण आजही अहिराणी बोलतो, त्यांच्यातलाच हा पुढारी. हजारोंनी गुरं, भरलेली कोठारं. दुष्काळ पडला तेव्हा त्याने लोकांना काम दिलं, धान्य दिलं, आणि त्या कामातून डोंगरावरचा जुना मातीचा कोट चुन्यादगडाचा झाला. तापीकाठी थाळनेरला तेव्हा फारुकी घराणं नुकतंच रुजत होतं. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा याला थाळनेर दिलं होतं. त्याच्या मुलाने, नासिर खानाने, असा अहिराला निरोप धाडला की, शत्रू अंगावर आले आहेत, माझ्या बायकापोरांना तुमच्या गडावर आसरा द्या. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका आल्या. असा अहिराच्या बायकोने त्यांचं स्वागत केलं. दुसऱ्या दिवशी आणखी डोल्या आल्या. असा अहीर मुलांना घेऊन सामोरा गेला आणि पडद्याआडून हत्यारबंद माणसं बाहेर पडली. बाप आणि मुलं तिथेच कापली गेली. आसरा मागणाऱ्याची झडती घ्यायची नसते, एवढंच त्या माणसाचं चुकलं. गडाला नाव मात्र त्याचंच राहिलं.

नासिर खानाने पुढे तापीकाठी बऱ्हाणपूर वसवलं आणि फारुकींनी जवळजवळ दोनशे वर्षं खानदेशावर राज्य केलं. मोठं राज्य नव्हे. गुजरात, माळवा, अहमदनगर यांच्या मधोमध जीव सांभाळून राहणारं. पण या घराण्याला आपल्या मातीची ओळख होती. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी राजांची वंशावळ कोरलेली आहे, ती अरबीबरोबर संस्कृतातही. ती कोरवून घेणारा राजा म्हणजे आदिलशहा फारुकी, लोकांच्या तोंडी राजा अली खान.

या राजा अली खानाचा शेवट सांगितल्याशिवाय मलिक याकूतकडे जाता येत नाही. उत्तरेतून अकबराची सत्ता खाली सरकत होती. राजा अली खानाने दिवस ओळखले आणि अकबराचं वर्चस्व मानलं. १५९७ च्या सुरुवातीला गोदावरीकाठी सोनपेठ-आष्टीच्या रणात मोगल आणि दक्षिणी फौजा भिडल्या, तेव्हा तो मोगलांच्या बाजूने लढला. लढाई गोंधळाची झाली. धुरळ्यात आणि अंधारात कोण कुठे आहे कळेना. राजा अली खान दिसत नाही म्हणताच मोगलांनी ठरवून टाकलं की, हा दक्षिण्यांना जाऊन मिळाला. त्यांनी त्याची छावणी लुटली. पुढे रणभूमीवर त्याचं प्रेत सापडलं, भोवती त्याचे सरदार आणि शिपाई मरून पडलेले. तो पळाला नव्हता, जिथे उभा केला होता तिथेच पडला होता. ज्यांच्यासाठी मेला त्यांनीच त्याचे तंबू लुटले होते.

बापाच्या छावणीची ही लूट मुलाच्या मनातून गेली असेल असं मला वाटत नाही. मुलगा बहादूरशहा गादीवर आला आणि मोगलांशी फटकून वागू लागला. अकबराचा मुलगा शहजादा दानियाल बऱ्हाणपूरवरून गेला तरी हा भेटायला उतरला नाही. दाणागोटा भरला, असिरगडावर चढला आणि दरवाजे लावून घेतले. १६०० च्या वसंतात खुद्द अकबर बऱ्हाणपूरला येऊन बसला. वय सत्तावन्न. आयुष्यातला त्याचा हा शेवटचा मोठा वेढा.

त्याच वर्षी अहमदनगरात चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारलं. ती मोगलांशी बोलणी करते आहे, म्हणजे फितूर झाली, अशी आवई उठली आणि तेवढं पुरलं. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडलं. दक्षिणेतल्या एकेका गादीला सुरुंग लागत होते आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच होता: आपला कोण आणि परका कोण, हे ओळखायचं कसं?

असिरगड तोफांना बधेना. खाली मलईगड म्हणून बाहेरचा कोट आहे. डिसेंबरात अबुल फजलच्या माणसांनी तो घेतला, पण मुख्य गड तसाच उभा. आत मात्र वेगळाच शत्रू शिरला होता. माणसं आणि जनावरं महिनोन् महिने एका ठिकाणी कोंडलेली. पाय सुजायचे, कमरेखालचं अंग लुळं पडायचं, डोळ्यांची दृष्टी जायची. आतले लोक म्हणत, बादशहाने जादूटोणा केला. आज एखादा डॉक्टर म्हणेल, अन्नातलं सत्त्व संपलं होतं. काहीही असो, धीर खचला तो या आजाराने. बहादूरशहाने तहाची बोलणी लावली.

इथून पुढची हकीकत दोन तोंडांनी आपल्याकडे आली आहे आणि दोन्ही तोंडं शत्रूच्या छावणीतली आहेत. एक इलाहदाद फैजी सरहिंदी, मोगल सरदार शेख फरीद बुखारी याच्या पदरचा फारसी लेखक. दुसरा फादर जेरोम झेवियर, अकबराबरोबर दक्षिणेत आलेला जेझुइट पाद्री. त्याची पत्रं युरोपात गेली आणि तिथे ती छापली गेली.

झेवियर सांगतो ते असं. अकबराने स्वतःच्या शिराची शपथ घेतली की, तू भेटीला ये, बोलणं झालं की तुला गडावर परत जाऊ देईन. किल्लेदार याकूत आणि गडावरचे काही पोर्तुगीज अंमलदार बहादूरशहाला सांगत होते, उतरू नका. तो उतरला. गळ्यात शरणागतीची खूण म्हणून विशिष्ट तऱ्हेने उपरणं गुंडाळलं होतं. अकबर पुतळ्यासारखा बसलेला. बहादूरशहाने तीनदा वाकून मुजरा केला. एवढ्यात एका मोगल अंमलदाराने त्याचं डोकं धरून त्याला जमिनीवर लोटलं, पुरता लोटांगण घाल म्हणून. अकबर त्या अंमलदाराला हलक्या आवाजात रागावला, पण त्याहून जास्त काही केलं नाही. मग बहादूरशहाला सांगण्यात आलं की, गड खाली करा असं तटावरच्या लोकांना लिहून दे. त्याने नकार दिला आणि परत जायला निघाला. जाऊ दिलं नाही.

गडावर बातमी पोचली. याकूतने आपल्या मुलाला, मुकर्रब खानाला, बादशहाकडे पाठवलं: दिलेला शब्द मोडला कसा, हे विचारायला. अकबराने उलट विचारलं, तुझा बाप गड द्यायला तयार आहे का? पोरगा म्हणाला, देणं तर सोडाच, बाप त्याची गोष्टही काढू देणार नाही, आणि हा राजा परत आला नाही तरी गादीवर बसायला घराण्यात दुसरे आहेत. झेवियरच्या म्हणण्याप्रमाणे अकबराने त्याला तिथेच भोसकवलं. म्हातारा बाप हे ऐकून एवढंच म्हणाला की, असल्या शब्दमोड्या राजाचं तोंड देव मला न दाखवो. त्याने शिबंदी गोळा केली. हातात उपरणं घेऊन तो त्यांच्यापुढे उभा राहिला. हा गड शत्रूला घेता येणार नाही, तुम्ही दिला तरच तो जाईल, असं त्याने सांगितलं. मग ते उपरणं स्वतःच्या गळ्याभोवती आवळून त्याने जीव दिला.

धन्याच्या गळ्यात शरणागतीचं उपरणं आणि चाकराच्या गळ्यात नकाराचं. झेवियरने ही जोड मुद्दाम लावली की नुसतं कानावर आलं ते लिहिलं, हे आता ठरवता येणार नाही.

सरहिंदीची हकीकत वेगळी आहे, आणि मला ती जास्त जवळची वाटते. तिच्यात मुकर्रब खानाला अकबर मारत नाही. राजा उतरला, अटकेत पडला, आणि आता गड सोडा असा निरोप घेऊन मुकर्रब वर आला. बापाची दृष्टी गेलेली. मुलाचा आवाज ओळखून तो म्हणाला, आपल्या धन्याला शत्रूच्या हाती देऊन आता गड मागायला आलास? तुझं तोंड देवाने मला दाखवू नये. मुलाला ते सोसलं नाही. खाली छावणीत, अबुल फजलच्या तंबूत, त्याने पोटात कट्यार मारून घेतली.

बाप नंतर फारुकी घराण्यातल्या राजपुत्रांकडे गेला. या घराण्याची रीत अशी होती की, राजाचे भाऊबंद गडावरच नजरकैदेत ठेवायचे. त्यामुळे गादीला वारस हवा तर तिथे एक सोडून अनेक होते. याकूत त्यांना म्हणाला, तुमच्यातल्या कुणीतरी गादीवर बसा, गड मी लढवतो. एकानेही हो म्हटलं नाही. त्यांच्यापुढे आजार होता, बादशहा होता, आणि कोंडून घातलेल्या माणसाला राज्याची आस किती उरणार? म्हातारा त्यांना टाकून बोलला. मग घरी आला, कफन शिवून घेतलं, दानधर्म केला, आंघोळ केली, स्वतः बांधलेल्या मशिदीपाशी गेला आणि अफू खाऊन मेला.

दोन हकिकतींत खरी कुठली, यावर इतिहासकारांनी बरीच शाई खर्च केली. व्हिन्सेंट स्मिथने पाद्र्याचं खरं मानलं आणि अकबरावर वचनभंगाचा ठपका ठेवला. त्याच्या विरोधात लिहिणाऱ्यांनी म्हटलं की, झेवियर छावणीतल्या वावड्या लिहीत होता, शिवाय पोर्तुगीजांच्या तोफा मागवून देण्यावरून त्याचं आणि अकबराचं बिनसलं होतं. हा वाद मिटलेला नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या अलीकडचं. एक मोगलांचा पगारी लेखक, एक परधर्माचा पाद्री. दोघांचं एकमेकांशी कशातच जमत नाही. अकबराने शब्द मोडला की नाही यावर नाही, मुलगा कसा मेला यावर नाही, बापाने उपरणं वापरलं की अफू यावरही नाही. म्हातारा हबशी मात्र दोघांच्याही कागदात सारखाच उभा आहे. धनी कैदेत गेल्यावरही गड न देणारा, आणि शेवटी गडाआधी आपला जीव देणारा.

१७ जानेवारी १६०१ रोजी गड पडला. फादर म्हणतो, सोनंचांदी वाटून. बहादूरशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवलं. खानदेश शहजाद्याला मिळाला आणि त्याच्या नावावरून मुलखाचं नाव दानदेश ठेवलं. फतेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर या विजयाचा लेख आहे. दक्षिण आणि दानदेश जिंकला, ज्याला पूर्वी खानदेश म्हणत, असा. पुढे नाव टिकलं ते खानदेशच, लोकांनी दानदेश तोंडी लागू दिला नाही. पण त्या दगडावर मलिक याकूतला जागा नाही.

वारस मागायला गेलेल्या याकूतला जे मिळालं नाही ते त्याच सुमाराला दुसऱ्या एका हबशाला मिळालं. अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने निजामशाही घराण्यातला एक मुर्तजा शोधला, त्याला गादीवर बसवला आणि पंचवीस वर्षं मोगलांना घाम फोडला. अंबरचं नाव आज शाळेतल्या पोराला माहीत असतं. इमान दोघांचंही होतं. एकाला हो म्हणणारा राजपुत्र भेटला, एवढाच फरक, आणि तो त्यांच्या हातातला नव्हता.

इमान राखूनही नाव कुणाचं उरतं आणि कुणाचं नाही, हा प्रश्न फार पूर्वी, चीनमध्ये, एका इतिहासकाराने जाहीरपणे विचारून ठेवला आहे. सिमा छियान हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातला हान दरबारचा लेखक. त्याने आपल्या महाग्रंथात माणसांची सत्तर चरित्रप्रकरणं लिहिली आणि त्यांची सुरुवात बो यी आणि शू छी या दोन भावांपासून केली. गूचू नावाच्या लहान राज्याचे हे राजपुत्र. बापाने धाकट्याला गादी दिली. धाकटा म्हणाला, थोरल्याचा हक्क. थोरला म्हणाला, बापाचा शब्द. दोघेही राज्य सोडून निघून गेले. पुढे झोउ राज्याचा वू हा आपल्या सार्वभौम शांग राजावर चालून निघाला, तेव्हा या दोघांनी त्याच्या घोड्याचे लगाम धरले. बाप नुकताच वारला आहे, त्याचं क्रियाकर्म राहिलं आहे, आणि तू चाकर असून धन्यावर शस्त्र उचलतोस? सैनिक त्यांना कापणार होते. वूचा वडीलधारा सल्लागार म्हणाला, हे सज्जन आहेत, यांना जाऊ द्या. शांग राज्य बुडालं. मग या भावांनी झोउंच्या राज्यातला एक दाणाही खायचा नाही असं ठरवलं. शोउयांग डोंगरावर रानभाजी खाऊन राहिले आणि उपाशी मेले.

शांग राजा जुलमी होता, आणि वूला चीनने पुढे आदर्श राजा मानलं. म्हणजे हे भाऊ हरणाऱ्या, आणि लोकांच्या मते हरायलाच हव्या असलेल्या, बाजूचे. तरी चीनने त्यांना अडीच-तीन हजार वर्षं डोक्यावर घेतलं. सिमा छियान त्यांची हकीकत सांगता सांगता थांबतो आणि रागाने विचारतो की, सज्जन उपाशी मरतात, दरोडेखोर म्हातारपण बघून सुखाने जातात, मग दैव न्यायी आहे हे कशावरून? आणि दुसरं त्याहून जिव्हारी लागणारं. या भावांची नावं उरली ती कन्फ्यूशियसने त्यांना नावाजलं म्हणून. असेच किती जण डोंगराकपारीत मेले, ज्यांच्याबद्दल कुणी मोठा माणूस बोललाच नाही. त्यांचं काय? हे लिहिणाऱ्याने स्वतः किंमत मोजली होती. वेढ्यात सापडून शरण गेलेल्या एका सेनापतीची बाजू त्याने भर दरबारात घेतली, म्हणून सम्राटाने त्याला खच्ची करण्याची शिक्षा दिली. ती सोसून तो जगला, ग्रंथ पुरा करण्यासाठी.

खानदेशाला असा लेखक मिळाला नाही. आपल्या किल्लेदारांची नावं शोधायला आपल्याला शत्रूच्याच दप्तरात शिरावं लागतं, आणि हे फक्त १६०१ पुरतं नाही.

फारुकींचं जिथे बस्तान बसलं त्या थाळनेरकडे येऊ. शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर. फारुकींच्या कबरी तिथे आहेत आणि नदीला लागून किल्ल्याचे अवशेष. १८१८ साली हा किल्ला होळकरांचा होता आणि किल्लेदाराचं नाव तुळशीराम मामा.

त्या वर्षी होळकरांचा किल्लेदार असणं म्हणजे काय होतं ते आधी बघावं. गादीवर अल्पवयीन मल्हारराव. कारभार बघणारी तुळसाबाई. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी तिला तिच्याच सरदारांनी क्षिप्रेच्या काठी नेऊन मारलं. २१ तारखेला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने होळकरांचा पराभव केला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. खानदेशातल्या एका किल्ल्यात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने हे सगळं दोन-अडीच आठवड्यांतलं. कारभारीण मारली गेली, फौज मोडली, धनी पोरवयाचा. आता हुकूम कुणाचा मानायचा?

२७ फेब्रुवारीला हिस्लॉप सेंधव्याकडून उतरून थाळनेरपुढे आला. त्याने निरोप पाठवला की, तहाने हा किल्ला आमचा झाला आहे, विरोध केलात तर बंडखोर समजून वागवू. किल्ल्यातून उत्तर आलं ते गोळीबाराचं. शिबंदीत अरब बरेच होते. त्या काळच्या खानदेशात गढ्या आणि किल्ले अरबांच्याच जोरावर उभे असत. इंग्रजांनी तोफा दरवाजावर लावल्या. दरवाजे एकामागून एक असे होते. तोफा वाजू लागल्यावर किल्लेदार काही माणसांसह बाहेर आला आणि त्याने स्वतःला इंग्रजांच्या हवाली केलं.

शेवटच्या दरवाजाशी मात्र घात झाला. आत अरब, बाहेर गोरे अंमलदार, मध्ये दिंडी दरवाजा. बोलणं कुणाचं कुणाला नीट कळेना. दिंडी उघडली आणि मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर, कर्नल मरे असे मूठभर लोक वाकून आत शिरले. दिंडीतून माणूस जातो तो एकेकटा, मान खाली घालून. आत काय झालं, कुणी कुणाच्या हत्याराला हात घातला, कुणाला काय वाटलं, ते सांगणारं कुणी धड उरलं नाही. क्षणात जंबिये निघाले. गॉर्डन आणि मॅकग्रेगर तिथेच मेले, मरे घायाळ झाला. बाहेरची फौज चवताळून आत घुसली आणि सुमारे तीनशे शिबंदी कापून काढली.

तुळशीराम मामा या सगळ्या वेळी कैदेत होता. तो दिंडीजवळही नव्हता. त्याच संध्याकाळी हिस्लॉपने त्याला फाशी दिलं.

चिनी परंपरेतली आणखी एक कथा मला इथे आठवते, आणि ती आठवली की थाळनेर जास्तच बोचतं. यू रांग नावाच्या माणसाचा धनी शत्रूने मारला. सूड घ्यायला तो वेष पालटून, अंगाला रोगन फासून, कोळसे गिळून आवाज बसवून शत्रूच्या मागे लागला. दुसऱ्यांदा पकडला गेला तेव्हा शत्रूने, चाओ घराण्याच्या प्रमुखाने, त्याला विचारलं की, आता काय करू तुझं? यू रांग म्हणाला, मी मरणारच, पण तुझा अंगरखा दे, त्यावर वार करू दे, म्हणजे धन्याचं देणं फिटलं असं समजेन. शत्रूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने अंगरखा उतरवून दिला. यू रांगने तीनदा उडी मारून त्यावर तलवार चालवली आणि मग स्वतःचा प्राण घेतला. ही दंतकथा असेल. पण एका समाजाने शत्रूकडून काय अपेक्षा ठेवली होती ते तिच्यात आहे. आपल्या जिवावर उठलेल्याचंही इमान ओळखता यावं, एवढी.

तुळशीराम मामा यू रांग नव्हता. तो काही तास लढला आणि उतरला. त्याला महापुरुष करायची मला इच्छा नाही. किल्लेदाराचं काम सरळ असतं. धन्याचा हुकूम आला की किल्ला द्यायचा, नाही तर द्यायचा नाही. परक्या सेनापतीच्या सांगण्यावरून द्यायचा नाही, हे तर नक्कीच. तेवढं त्याने केलं, आणि हार दिसल्यावर शिबंदीचे जीव वाचावेत म्हणून की स्वतःचा, तो बाहेर आला. हातात आलेल्या माणसाला फासावर चढवणं त्या काळच्या इंग्रजी नियमातही बसत नव्हतं. म्हणूनच प्रकरण लंडनला गेलं. मार्च १८१९ मध्ये पार्लमेंटमध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज आणि हिंदुस्थानातल्या फौजेचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराचा विषय निघाला. वेलिंग्टनने हिस्लॉपची बाजू घेतली. तरी कॉमन्सने आभार मानताना स्पष्ट नोंदवलं की, या फाशीबद्दल सभागृह कुठलंही मत देत नाही. विजयी सेनापतीच्या शाबासकीत असा खोडा घालून ठेवणं ही लहान गोष्ट नव्हती. तापीकाठच्या एका किल्लेदारासाठी वेस्टमिन्स्टरमध्ये थोडी का होईना लाज वाटली. इकडे मात्र त्याच्यावर पोवाडा रचला गेल्याचं मला कुठे आढळलं नाही.

इकडे खानदेशात अजून एक किल्ला इंग्रजांना सलत होता, तोच जुना असिरगड. तो शिंद्यांचा होता आणि तिथे किल्लेदार होता यशवंतराव लाड. इंग्रजांपुढून पेशवा दुसरा बाजीराव पळता पळता या गडाच्याच परिसरात, धुळकोटला, येऊन थांबला होता आणि जून १८१८ मध्ये तिथूनच तो इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. पाठोपाठ नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून सातपुड्यात भटकत होते, त्यांनाही या गडाने आसरा दिला. दौलतराव शिंद्यांनी वरकरणी हुकूम दिला की, गड इंग्रजांच्या हवाली कर. यशवंतरावाने तो पाळला नाही.

मार्च १८१९ मध्ये डव्हटन आणि माल्कम यांच्या फौजांनी गडाला वेढा दिला. पेठ घेतली. दारूचा साठा उडून इंग्रजांचेच कित्येक शिपाई मेले. गडाने तीन आठवडे तग धरला आणि ९ एप्रिलला यशवंतराव उतरला. धन्याचा हुकूम मोडणारा उर्मट किल्लेदार, असंच तोवर इंग्रज त्याला समजत होते. शिंदेही तसंच सांगत होते.

मग गडावरची कागदपत्रं चाळताना शिंद्यांचं एक पत्र हाती लागलं. बाजीराव सांगेल तसं वाग, असा त्यात किल्लेदाराला हुकूम होता. उघड हुकूम एक, आतला हुकूम दुसरा. यशवंतरावाने आतला खरा मानला, तो पाळला, आणि वेढ्यात ते पत्र पुढे करून स्वतःची मान सोडवून घेतली नाही. हेस्टिंग्जने त्या पत्राच्या जोरावर शिंद्यांना सुनावलं आणि असिरगड कायमचा काढून घेतला. यशवंतरावाने आपल्या धन्याला दगा दिला नव्हता, याचा पुरावा त्या दिवसापासून कंपनी सरकारच्या फाइलीत जमा झाला.